हाडांना नाव कसे मिळते: मध्ययुगीन क्रोएशियन सरदार घराणी आणि प्राचीन डीएनए

प्रश्न असा आहे: क्रोएशियात, शुबिच घराण्याच्या ब्रिबिर या ठाण्यासारख्या ठिकाणी, मध्ययुगीन कबरी सापडतात. त्यांतले सांगाडे शुबिच, झ्रिन्स्की, फ्रांकोपान अशा सरदार घराण्यांतल्या माणसांचे आहेत की नाहीत, हे डीएनएवरून ठरवता येईल का? आणि ते ठरले, तर आज तेच आडनाव लावणाऱ्या किंवा त्याच हॅप्लोग्रुपच्या (एकाच दूरच्या पूर्वजापासून आलेल्या जनुकीय गटाच्या) माणसाला आपण त्यांचे वंशज आहोत असे म्हणता येईल का?

पहिल्या भागाचे उत्तर ‘हो, पण अटी आहेत’ असे आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असे येते. जुन्या हाडांतून डीएनए काढणे हे माझे रोजचे काम आहे आणि हा प्रश्न मला वेगवेगळ्या रूपांत नेहमी विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट पक्की करू. डीएनएत नाव लिहिलेले नसते. हाडाच्या चिमूटभर भुकटीतून मला कळते ते एवढेच: व्यक्ती पुरुष होती की स्त्री, शेजारच्या सांगाड्याशी तिचे रक्ताचे नाते होते का आणि किती जवळचे, बापाकडून आलेले वाय गुणसूत्र कोणत्या शाखेतले, आईकडून आलेला मायटोकाँड्रियल डीएनए कोणत्या शाखेतला, आणि एकूण वंशवारसा कोणत्या प्रदेशांतल्या लोकांशी जुळतो. ‘हा पावाओ शुबिच’ असे कोणतेही यंत्र सांगत नाही. नाव शिलालेखातून येते, दफनाच्या नोंदीतून येते, मठाच्या कागदपत्रांतून येते. ओळख पटवण्याचे काम म्हणजे वंशावळीने केलेले भाकीत हाडांवर तपासून पाहणे. वंशावळ म्हणते की अमुक दोघे चुलते-पुतणे होते. मग त्यांच्या जनुकांत तेवढे नाते दिसले पाहिजे. त्यामुळे सगळ्यात आधी लागते ती अशी एक कबर, जिच्यातला माणूस कोण हे डीएनएच्या मदतीशिवायच ठाऊक आहे. तशी एकही कबर हाताशी नसेल, तर दोनशे सांगाड्यांचे जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचूनही घराण्याचे नाव मिळणार नाही.

क्रोएशियाच्या भूमीवर हे काम उत्तम रीतीने झाल्याचे एक उदाहरण आहे. उत्तर क्रोएशियातल्या लेपोग्लावा गावी पॉलिन संन्याशांचा जुना मठ आहे. तिथल्या चर्चमध्ये इवानिश कोर्विन आणि त्याचा मुलगा क्रिस्टोफर यांचे दफन झाले होते. इवानिश हा हंगेरीचा राजा मात्याश हुन्यादी याचा अनौरस मुलगा. बापाची गादी त्याला मिळाली नाही, पण तो क्रोएशियाचा बान, म्हणजे राजप्रतिनिधी झाला आणि १५०४ मध्ये क्रापिना येथे वारला. मुलगा पुढच्याच वर्षी गेला. वय जेमतेम सहा. हुन्यादींचा थेट पुरुषवंश तिथेच संपला. हंगेरियन संशोधकांच्या पुढाकाराने या दोन्ही सांगाड्यांचे संपूर्ण जीनोम वाचले गेले आणि निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यात काय सापडले ते नीट पाहा, कारण पद्धत इथे स्वच्छ दिसते. दोघांचेही वाय गुणसूत्र ई-व्ही१३ या मोठ्या शाखेच्या एकाच उपशाखेतले निघाले. पण एवढ्यावर कोणी थांबले नाही. बाप-लेकाचे नाते दोन वेगळ्या मार्गांनी तपासले गेले: न्यायवैद्यक प्रयोगशाळांत चालते ती एसटीआर चाचणी (डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे मोजणारी) आणि पूर्ण जीनोमची तुलना. दोन्हींनी एकच उत्तर दिले. दफनाची जागा ठाऊक, एक प्रौढ पुरुष आणि एक लहान मुलगा असणार हे ठाऊक, आणि त्यांच्यात निम्मे जनुकीय साम्य असणार हेही ठाऊक. तिन्ही गोष्टी जुळल्या, म्हणून नाव बसले. आता या दोघांच्या आधारे हुन्यादी घराण्यातले इतर लोक ओळखणे शक्य झाले आहे, जिथे हाडे अनेकांच्या हाडांत मिसळून पडली आहेत तिथेसुद्धा.

याच संशोधनातला एक बारकावा क्रोएशियन घराण्यांच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. क्रिस्टोफरची आई बेआत्रित्सा फ्रांकोपान, म्हणजे क्रोएशियाच्या दोन सर्वांत बलाढ्य घराण्यांपैकी एकाची लेक. मुलाचा मायटोकाँड्रियल डीएनए टी२सी१+१४६ या दुर्मिळ गटातला निघाला. ‘फ्रांकोपानांचा हॅप्लोग्रुप सापडला’ असे कोणी लगेच म्हणेल. तसे मुळीच नाही. मायटोकाँड्रियल डीएनए आईकडून तिच्या आईकडे, तिथून आजीच्या आईकडे असा मागे जातो. बेआत्रित्साचे वडील बेर्नार्दिन फ्रांकोपान. त्यांच्याकडून तिला हा भाग मिळालेलाच नाही. तो आला तिच्या आईकडून, आणि ती होती नेपल्सच्या राजघराण्याशी नाते असलेली लुईझा मार्झानो. हा गट भूमध्य समुद्राच्या आसपास जास्त आढळतो, ते या माहेराशी सुसंगत आहे. सरदार घराण्यांतल्या बायका दूरदेशातून लग्न करून येत. त्यामुळे त्यांच्या कबरींमधला मायटोकाँड्रियल डीएनए सोयरिकींचा इतिहास सांगतो. घराण्याचे मूळ शोधायचे तर पुरुषवंशातला पुरुष सापडायला हवा.

दुसरा आधार हंगेरीत आहे, पण तो क्रोएशियाच्या इतिहासात घट्ट गुंतलेला आहे. १८४८ मध्ये सेकेशफेहेरवार येथे राजा तिसरा बेला (मृत्यू ११९६) आणि त्याची पहिली राणी यांच्या कबरी शाबूत सापडल्या. हा आर्पाद घराण्यातला, म्हणजे १२व्या शतकाच्या आरंभापासून क्रोएशियाचा मुकुटही ज्यांच्याकडे होता त्या घराण्यातला राजा. त्याचे वाय गुणसूत्र आर१ए गटाच्या एका खास उपशाखेतले निघाले. तिचे जवळचे नातलग आज व्होल्गा-उरल भागातल्या बश्कीर लोकांत सापडतात. पुढे ग्यौर येथे जपलेल्या, संत लास्लो या राजाची म्हणून पुजल्या जाणाऱ्या कवटीची तपासणी झाली, तेव्हा तिच्यातही तीच शाखा आली. लास्लो १०९५ मध्ये वारला आणि बेला त्याच्या भावाच्या पणतूचा मुलगा. शंभर वर्षांचे अंतर, दोन वेगळ्या जागा, आणि एकच दुर्मिळ शाखा. याच लास्लोने १०९१ मध्ये आपला पुतण्या आल्मोश याला क्रोएशियाच्या गादीवर बसवले होते आणि झाग्रेबच्या धर्मप्रांताची स्थापनाही त्याचीच. आर्पादांचा नमुना हाती असल्यामुळे मध्ययुगीन क्रोएशियातल्या एखाद्या अनामिक पुरुषाचा त्या राजकुळाशी पुरुषवंशातून संबंध होता का, हे आज थेट तपासता येते. क्रोएशियाच्या स्वतःच्या त्र्पिमिरोविच राजकुळाच्या बाबतीत अशी सोय नाही. स्प्लिटजवळच्या सोलिनला पुरातत्त्वज्ञ फ्राने बुलिच यांनी १८९८ मध्ये राणी येलेनाचा ९७६ सालचा मृत्युलेख शोधून काढला, असंख्य तुकडे जुळवून वाचला. तो दगड अमूल्य आहे. पण शिलालेख आणि खात्रीचा सांगाडा या दोन गोष्टी एकत्र असाव्या लागतात.

आता शुबिच. माझ्या मते मध्ययुगीन क्रोएशियात सर्वांत आशादायक घराणे हेच, कारण त्यांच्या बाबतीत दोन टोके पकडता येण्यासारखी आहेत. एक टोक दाल्मेशियातल्या, म्हणजे एड्रियाटिक किनारपट्टीवरच्या, त्रोगिर शहरात. तिसरा म्लादेन शुबिच १३४८ च्या प्लेगमध्ये त्रोगिरला वारला आणि तिथल्या संत लॉरेन्सच्या कॅथीड्रलमध्ये त्याचे दफन झाले. त्याच्यासाठी कोरलेला लॅटिन मृत्युलेख आहे, त्यात त्याला क्रोएट लोकांची ढाल म्हटले आहे. दुसरे टोक झाग्रेबला. १३४७ मध्ये हंगेरी-क्रोएशियाचा राजा लुई याने शुबिचांकडून ओस्त्रोव्हित्साचा किल्ला घेतला आणि बदल्यात झ्रिन दिला. तिकडे गेलेली शाखा झ्रिन्स्की झाली. त्या शाखेतला पेतार झ्रिन्स्की आणि त्याचा मेहुणा फ्रान क्र्स्तो फ्रांकोपान या दोघांचा सम्राटाविरुद्धच्या कटाबद्दल ३० एप्रिल १६७१ रोजी ऑस्ट्रियातल्या वीनर नॉयश्टाट येथे शिरच्छेद झाला. १९१९ मध्ये त्यांच्या अस्थी समारंभाने झाग्रेबच्या कॅथीड्रलमध्ये आणल्या गेल्या.

वंशावळ सांगते की म्लादेन आणि झ्रिन्स्की शाखेचा मूळपुरुष युराय हे सख्खे चुलतभाऊ. दोघांचा आजोबा ब्रिबिरचा पावाओ, जो क्रोएशियाचा बान आणि बोस्नियाचा धनी म्हणवून घेई आणि १३१२ मध्ये वारला. म्हणजे त्रोगिरच्या कबरीतल्या म्लादेनचे आणि झाग्रेबच्या पेतारचे वाय गुणसूत्र, मधल्या तीनशे वर्षांत पडलेले थोडे बदल सोडले, तर एकच असायला हवे. झाग्रेबच्या अस्थींना आणखी एक कसोटी आहे, तीही डीएनएच्या आधीची: शिरच्छेद झालेल्या माणसाच्या मानेच्या मणक्यांवर घाव दिसतो. तो अस्थितज्ज्ञाने आधी पाहावा, मग आमच्याकडे यावे. शिवाय या एकाच जागी झ्रिन्स्की आणि फ्रांकोपान अशी दोन पुरुषवंशांची टोके शेजारी शेजारी आहेत, ही संशोधनाच्या दृष्टीने विलक्षण गोष्ट आहे.

समजा दोन्ही नमुने जुळले. मग ब्रिबिरच्या टेकडीवर संत मेरीच्या चर्चच्या परिसरातल्या कबरींकडे वळता येते आणि प्रत्येक पुरुषाविषयी विचारता येते की हा त्या शाखेचा आहे का. नाही जुळले तर? तीन शक्यता उरतात: त्रोगिरची हाडे म्लादेनची नाहीत, झाग्रेबची हाडे पेतारची नाहीत, किंवा मधल्या पिढ्यांत कुठेतरी कागदावरचा बाप आणि रक्ताचा बाप वेगळा होता. इंग्लंडमधल्या लेस्टरला २०१२ मध्ये सापडलेल्या राजा तिसऱ्या रिचर्डच्या सांगाड्याने ही तिसरी शक्यता जगासमोर ठेवली. आईकडच्या रेषेने आजच्या नातलगांशी त्याचा मायटोकाँड्रियल डीएनए जुळला, पण पुरुषवंशातले म्हणवणाऱ्या आजच्या वंशजांशी वाय गुणसूत्र जुळले नाही. तरीही ओळख पक्की मानली गेली, कारण जागा, वय, वाकडा कणा, जखमा, रेडिओकार्बन तारीख आणि मायटोकाँड्रियल डीएनए यांचे पुरावे एकत्र मोजले गेले. मी विद्यार्थ्यांना हे उदाहरण आवर्जून सांगते, कारण एकट्या वाय गुणसूत्रावर निकाल दिला असता तर तो सांगाडा रिचर्डचा नाही असे ठरले असते.

म्हणून मी वाय गुणसूत्रापेक्षा संपूर्ण जीनोमवर जास्त भर देते. दोन माणसांना एकाच पूर्वजाकडून मिळालेले गुणसूत्रांचे लांब तुकडे मोजले की सहाव्या श्रेणीपर्यंतचे, म्हणजे बरेच दूरचे, नाते आज प्राचीन नमुन्यांतही ओळखता येते. यामुळे बायकाही चित्रात येतात. बोस्नियाचा पहिला राजा त्व्रत्को याची आई येलेना शुबिच ही याच म्लादेनची बहीण. मामा-भाच्यात सुमारे एक चतुर्थांश साम्य असते, आणि बहीण-भावंडांची आई एकच असेल तर मायटोकाँड्रियल डीएनएही तोच. राजवंशांच्या सोयरिकींचे असे जाळे असले की एका कबरीची खातरी दुसरीवर तपासता येते. एका पुराव्यापेक्षा असे एकमेकांना छेद देणारे पुरावे मला कितीतरी जास्त भरवशाचे वाटतात.

हॅप्लोग्रुप किती दुर्मिळ आहे यावर त्याचे वजन ठरते, आणि क्रोएशियात इथेच गोची होते. आज क्रोएशियन पुरुषांत आय२ए गटाची स्लाव्ह लोकांबरोबर पसरलेली शाखा सर्वाधिक आढळते. ढोबळमानाने दहांतले चार जण, दाल्मेशियात त्याहून जास्त. ती फांदी अवघ्या दोन हजार वर्षांत झपाट्याने फुटली. उद्या म्लादेन त्याच शाखेचा निघाला, तर ब्रिबिरच्या कबरीतला आय२ए पुरुष शुबिच असेल किंवा त्यांच्या घोड्याचा मोतद्दार असेल. अशा वेळी वाय गुणसूत्र खोलवर वाचून शेवटची उपशाखा गाठावी लागते, नाहीतर निष्कर्षाला अर्थ राहत नाही.

याच्या नेमके उलटे उदाहरण आपल्याकडे, गोव्यात घडले. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणमधल्या शिराझला छळ करून मारण्यात आले आणि ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिच्या अस्थींचा काही भाग जुन्या गोव्याला आणला. पोर्तुगीज नोंदींवरून पुरातत्त्व खात्याने संत ऑगस्टीनच्या पडक्या मठात शोध घेतला, २००४ च्या सुमारास हाड मिळाले, आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत त्याचा मायटोकाँड्रियल डीएनए यू१बी गटातला निघाला. हजारो भारतीय नमुन्यांत हा गट सापडला नव्हता, जॉर्जियात मात्र तो आहे. म्हणून ते हाड स्थानिक माणसाचे नाही हे ठामपणे म्हणता आले. ते केतेवानचेच हे मात्र नोंदींनी सांगितले. त्या काळी यू१बी असलेल्या इतर जॉर्जियन स्त्रियाही होत्याच. २०२१ मध्ये भारताने त्या अस्थींचा भाग जॉर्जियाला दिला. तिथे डीएनए आणि दस्तऐवज यांनी आपापला वाटा उचलला, आणि दोन्हींच्या मर्यादा संशोधकांनी लपवल्या नाहीत.

प्रत्यक्ष नमुने घेण्याबद्दल थोडे. दाल्मेशियाचा उन्हाळा कडक, आणि उष्णतेत डीएनए लवकर तुटतो. सर्वांत चांगला साठा मिळतो तो कानाच्या आतल्या भागाला वेढणाऱ्या घट्ट हाडात, नाहीतर दाताच्या मुळावरच्या थरात. घराण्याच्या तळघरात मोठी अडचण मिसळलेल्या हाडांची असते: नव्या शवपेटीला जागा करताना जुनी हाडे कोपऱ्यात सारलेली असतात. अशा वेळी प्रत्येक कवटीचा एकाच बाजूचा कर्णास्थी घ्यायचा, म्हणजे एक माणूस दोनदा मोजला जात नाही. शंभर वर्षांपूर्वी उकरलेली हाडे धुतलेली, सरस लावलेली आणि असंख्य हातांनी हाताळलेली असतात. डीएनए खरोखर जुना आहे हे त्याच्या टोकांवरच्या ठरावीक रासायनिक झिजेवरून कळते. पुरुषांच्या बाबतीत एक्स गुणसूत्रावरूनही भेसळ मोजता येते, कारण ते एकच असते आणि तिथे दोन वेगळे वाचन आले तर दुसरा कोणीतरी मिसळलेला आहे. भेसळीचा आकडा न देणारा कोणताही अहवाल मी बाजूला ठेवते.

आणखी एक सापळा म्हणजे श्रीमंत कबर पाहून ‘सरदार घराणे’ असा निष्कर्ष काढणे. क्निनजवळच्या बिस्कुपियात ९व्या शतकातल्या कबरींमध्ये सोन्याचा मुलामा दिलेले स्पर (घोडेस्वाराच्या टाचेला लावायचे काटे) आणि फ्रँक पद्धतीच्या तलवारी मिळाल्या. फ्रान्सिस्कन धर्मगुरू लुयो मारुन यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस तिथे उत्खननाला सुरुवात केली. स्पर दर्जा सांगतात. दर्जा बापाकडून मिळाला की राजाच्या सेवेतून, ते सांगत नाहीत. लहान मुलाच्या कबरीत स्पर असतील तर वारशाने मिळाल्याची शक्यता वाढते, आणि अशा मुलाचे शेजारच्या प्रौढाशी नाते निघाले तर ती आणखी बळकट होते. इथे नाव मिळणार नाही, पण सत्ता रक्ताने उतरत होती का याचे उत्तर मिळेल, आणि माझ्या लेखी ते नावापेक्षा कमी मोलाचे नाही.

यातूनच मला सर्वांत जास्त ओढ लावणारा प्रश्न येतो. परंपरा सांगते की क्रोएशियात बारा कुलीन ‘जमाती’ होत्या: काचिच, कुकार, शुबिच, स्वाचिच, गुसिच, मोगोरोविच वगैरे. ११०२ मध्ये हंगेरीचा राजा कोलोमन याच्याशी करार केला तो यांच्याच प्रमुखांनी, असे म्हणतात. त्या मजकुराची हाती असलेली प्रत मात्र १४व्या शतकातली आहे आणि तिच्याबद्दल इतिहासकारांत वाद आहे. ही कुळे खरोखर एकेका पुरुषाची संतती होती, की जमीन आणि विशेषाधिकार सांभाळण्यासाठी जमलेले गट होते? कागदपत्रांवर हा वाद दीडशे वर्षे चालू शकतो. दफनभूमी मात्र सरळ उत्तर देऊ शकते. हंगेरीतल्या राकोत्सीफाल्वा येथे अवार लोकांच्या (आरंभीच्या मध्ययुगात तिथे सत्ता असलेल्या भटक्या लोकांच्या) दफनभूमीतल्या नमुन्यांवरून नऊ पिढ्यांची वंशावळ २०२४ मध्ये उभी राहिली: मुलगे तिथेच राहिले, मुली बाहेर गेल्या, सुना बाहेरून आल्या. एकही लिखित नोंद नसताना. क्रोएशियातल्या लिका किंवा झादारच्या मागच्या प्रदेशातल्या एखाद्या कुळाच्या चर्चभोवतालची दफनभूमी अशी सलग वाचली, तर बारा जमातींचा वाद दंतकथांच्या बाहेर येईल. चार-दोन देखण्या कबरींऐवजी सगळी दफनभूमी तपासण्यासाठी पैसा मिळावा, असा माझा आग्रह त्यासाठीच असतो.

आता आजच्या माणसांचा भाग. झ्रिन्स्कींचा पुरुषवंश १७०३ मध्ये ग्रात्सच्या तुरुंगात पेतारच्या मुलाबरोबर संपला. क्रोएशियन फ्रांकोपानांचा फ्रान क्र्स्तोबरोबर. म्हणजे नोंदलेल्या थेट रेषेत आज तुलनेला कोणी नाही. दूरच्या, विस्मृतीत गेलेल्या शाखा असू शकतात, पण चर्चमधल्या जन्म-विवाहाच्या नोंदी नियमित होतात त्या १६व्या शतकातल्या ट्रेंटच्या धर्मसभेनंतर. त्याआधीच्या सामान्य कुटुंबांची साखळी कागदावर जोडता येत नाही. आडनावाचाही भरवसा नाही, कारण तेच आडनाव वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे तयार होते आणि धन्याचे नाव प्रजाही लावते. शिवाय युरोपातल्या अभ्यासांनुसार दर पिढीला सुमारे एक टक्का मुलांचा रक्ताचा बाप कागदावरच्या बापापेक्षा वेगळा असतो. १३०० पासून आजपर्यंत साधारण पंचवीस पिढ्या धरल्या, तर साखळी कुठेतरी तुटलेली असण्याची शक्यता वीस टक्क्यांहून जास्त होते.

तुमच्याकडे घरगुती चाचणीचा निकाल असेल, तर नुसते ‘आय२ए’ किंवा ‘आर१ए’ पाहून काहीच ठरवू नका. सगळ्यात खालची उपशाखा कोणती आणि जुळणाऱ्या माणसाशी समान पूर्वज किती वर्षांपूर्वीचा, हे पाहा. तो पूर्वज दीड हजार वर्षांपूर्वीचा असेल, तर तो शुबिच घराण्याच्या नावाच्याही आधीचा आहे आणि अर्ध्या बाल्कनचा पूर्वज आहे.

फ्रांकोपानांविषयी एक वेगळा प्रश्नही येतो: ते खरेच रोमच्या फ्रांजिपानी घराण्यातले होते का? क्र्क बेटावरचे हे सरदार १२व्या शतकाच्या आरंभापासून नोंदींत दिसतात, पण हे नाव आणि रोमन मूळ त्यांनी मिरवायला सुरुवात केली ती चौथ्या निकोलाच्या काळी, १४३० च्या सुमारास, पोपच्या संमतीने. तपासणी आखणे सोपे आहे: झाग्रेबमधल्या फ्रान क्र्स्तोचे वाय गुणसूत्र, त्याच्या पडताळणीसाठी क्रोएशियातल्याच त्र्सातच्या मठात पुरलेल्या मार्टिन फ्रांकोपानचे, आणि रोममधल्या एखाद्या निर्विवाद फ्रांजिपानी पुरुषाचे. पहिले दोन एकमेकांशी जुळले आणि तिसऱ्यापासून हजारो वर्षे लांब निघाले, तर रोमन मूळ हे १५व्या शतकात घेतलेले बिरुद होते असे म्हणता येईल. तिन्ही जुळले आणि समान पूर्वज ११व्या शतकाच्या आसपासचा निघाला, तर इतिहासकारांना क्र्कच्या जुन्या नोंदी पुन्हा उघडाव्या लागतील. आणि पहिले दोनच जुळले नाहीत, तर रोमपर्यंत जाण्याआधी झाग्रेब आणि त्र्सातची हाडे नेमकी कोणाची, हे पुन्हा तपासावे लागेल.